आप्पांचे पाणी न सांडणारे सस्पेन्शन

सूनबाईच्या मोटोक्रॉस गाडीचे नवे सस्पेन्शन शनिवारी सकाळी खोक्यातून घरी आले, पण ते बसवणारा माणूस काही आला नाही. सगळ्या भानगडीचे मूळ ते हे.

त्या माणसाला सगळे धक्केवाला म्हणत. मातीतल्या शर्यती खेळणाऱ्या एकूण एक मंडळींचा तो गुरू. इंजिनाला तो हात लावत नसे, टायरकडे ढुंकून बघत नसे. उंचावरून गाडी दाणकन जमिनीवर आदळते तेव्हा तो धक्का सोसणाऱ्या पुढच्या दांड्या आणि मागची जाडजूड स्प्रिंग, एवढाच त्याचा प्रांत. सूनबाईला हेल्मेट, बूट, चिलखतासकट काट्यावर उभे करून त्याने हे सस्पेन्शन खास तिच्यासाठी जमवले होते. शनिवारी येऊन बसवून देतो असे कबूलही केले होते. खोके आले आणि पाठोपाठ फोन आला.

"ताई, माझी कंबर गेली. कुशीवरसुद्धा वळता येईना."

"अहो, उद्या शर्यत आहे माझी!"

"बसवायला काही नाही हो. पाना धरता येणारं कुणीही बसवेल. स्क्रू तेवढे फिरवू नका. पुढचा बारा टिकटिकींवर ठेवलाय, मागचा दहावर, आणि स्प्रिंगची चकती खुणेवर. ते हललं तर माझी मेहनत मातीत." एवढे बोलून तो जोरात कण्हला आणि फोन बंद झाला.

सूनबाई हवालदिल झाली. ती इस्पितळात एक्स-रे काढायची आणि त्या दिवशी तिची संध्याकाळपर्यंत ड्यूटी होती. आणि रविवारची शर्यत म्हणजे नेहमीची हौसेची शर्यत नव्हे. स्वतःचा ट्रक, स्वतःचे मेकॅनिक असलेला एक मोठा संघ तिथून एक मुलगी निवडणार होता. एकच. गेल्या वर्षी सूनबाईचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि त्यानंतर आठवडाभर ती घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

तिच्या नवऱ्याचा, म्हणजे घरच्या चिरंजीवांचा, इथे काही उपयोग नव्हता. चिरंजीव शाळेत भूगोल शिकवत आणि बायकोची प्रत्येक शर्यत डोळ्यांवर हात ठेवून बघत.

"मी आहे ना," सासरे म्हणाले.

सासऱ्यांना घरीदारी सगळे आप्पा म्हणत. आप्पांची उभी हयात लिफ्टमध्ये गेली होती. लिफ्ट बसवणे, लिफ्ट दुरुस्त करणे आणि अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून गोड बोलणे, हे त्यांचे काम. नवी लिफ्ट तयार झाली की ते काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला तिच्या जमिनीवर ठेवायचे आणि तळापासून वरपर्यंत जायचे. एक थेंब जरी सांडला तरी सगळे पुन्हा खोलायचे. त्यांच्या लिफ्टमध्ये माणसे वर पोचली तरी आपण निघालोच नाही असे समजून आतच उभी राहत, अशी ख्याती होती. निवृत्त झाल्यापासून मात्र हातांना काम नव्हते. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना त्यांनी इतके तेल पाजले होते की कोण कधी खोलीत आले तेच कळत नसे आणि सासूबाई, म्हणजे माई, दिवसातून चारदा दचकायच्या.

"आप्पा, तुम्ही फक्त बसवा हं," सूनबाई बॅग खांद्याला अडकवत म्हणाली. "स्क्रूला अजिबात हात नका लावू."

"छे छे! मी कशाला लावतोय?"

आणि ते खोटे बोलत नव्हते. त्या घटकेला त्यांच्या मनात खरोखरच काही पाप नव्हते.

आप्पांनी जेवणाच्या आत काम उरकले. जुने सस्पेन्शन काढले, नवे चढवले, एकेक नट कसला, पुसला आणि पुन्हा पुसला. बसवण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी सहज म्हणून सीटवर दोन्ही हातांनी भार दिला. सीट हलली नाही. अंगातले सगळे बळ लावले तेव्हा ती कुठे थोडीशी खाली गेली आणि 'ठक्' करून वर आली. आप्पांचा चेहरा पडला.

"अगं ए! जरा बाहेर ये!"

माई हात पुसत गॅरेजमध्ये आल्या. "काय झालं? बिघडवलंत ना?"

"मी कशाला बिघडवतोय? दाबून बघ. हे काय सस्पेन्शन आहे? ओट्यावर बसल्यासारखं लागतंय! त्या धक्केवाल्यानं पोरीला फसवलं."

माईंनी दाबून बघितले. "कडक आहे खरं."

"दर रविवारी पोरगी मनगटं धरून घरी येते. चहाचा कप दोन हातांनी उचलते. ते का, ते आज कळलं मला." आप्पांचा आवाज खरोखरच भरून आला. "आणि माझ्यासारखा माणूस घरात असून!"

असे म्हणता म्हणता त्यांनी वरच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असे, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे.

आता खरा प्रश्न आला. सस्पेन्शन जमवायचे तर गाडीवर चालवणाऱ्याच्या वजनाचे माणूस हवे. सूनबाई इस्पितळात. आप्पांनी माईंकडे बघितले.

"मी नाही हं," माई दोन पावले मागे सरकल्या. "आणि माझं वजन मी कुणाला सांगणार नाही. लग्नाआधी सांगितलं नाही, आता काय सांगतेय!"

"सांगायची गरजच नाही. लिफ्टच्या धंद्यात एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. मग तो कुणीही असो. ती एक माणूस, तू एक माणूस. झालं!"

माईंनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांना तो फार म्हणजे फारच आवडला. "अडुसष्ट होय? मग बसते. थोडा वेळच हं."

पण गाडी उंच. स्टूल आणले, माई त्यावर चढल्या, तिथून सीटवर गेल्या. आप्पा म्हणाले, नुसते बसून चालणार नाही, पोशाख पाहिजे, त्याचेही वजन असते. मग माईंच्या एप्रनवर छातीचे चिलखत चढले, डोक्यावर हेल्मेट आले, गुडघ्यांना ढोपरटोप्या लागल्या. आप्पांनी एक पेला काठोकाठ भरला आणि दोन रबरांनी हँडलच्या मधोमध घट्ट बसवला.

"आता जरा वरखाली हो बघू."

माई झाल्या. पाणी सांडले. आप्पांनी पुढचा स्क्रू सैल केला. पुन्हा सांडले. मागचा सैल केला. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. शेवटी स्क्रू संपले, तेव्हा त्यांनी स्प्रिंगची चकतीही फिरवली. बारा काय आणि दहा काय, आता सगळे शून्यावर आले होते. माई वरखाली झाल्या आणि पेल्यातले पाणी नुसते डुलले.

"अगंबाई!" हेल्मेटमधून आवाज आला.

"हे झालं जागच्या जागी. आता चालत्या गाडीवर बघायला हवं," आप्पा म्हणाले.

त्यांच्या गॅरेजपासून फाटकापर्यंत उतार होता आणि मधोमध एक गतिरोधक. आप्पांची योजना अगदी साधी होती. इंजिन बंद ठेवायचे, आपण बाजूने धरून चालायचे, गतिरोधक ओलांडला की माईंनी ब्रेक दाबायचा. "डावीकडची दांडी दाबायची ना? माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक तिकडेच असायचा," माईंनी विचारले. आप्पा पेल्याकडे बघत "हो हो" म्हणाले. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट थांबवली होती. मोटारसायकल थांबवण्याशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता.

गाडी निघाली. गतिरोधक आला आणि गेला, माईंना पत्तासुद्धा लागला नाही.

"सांडलं?" आप्पा धापा टाकत ओरडले.

"थेंबसुद्धा नाही!"

"आता ब्रेक दाब!"

माईंनी डावीकडची दांडी मनापासून दाबली. पण मोटोक्रॉसच्या गाडीवर तिथे क्लच असतो. गाडीने तिची दखलही घेतली नाही. आप्पांच्या हातातून सीट निसटली, फाटक उघडेच होते, आणि माई चिलखत घालून, हेल्मेट घालून, एप्रन फडकवत रस्त्याला लागल्या.

पुढे उतार चांगलाच होता. न्हाव्याच्या दुकानातले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी दारात आले. माई क्लच दाबत होत्या आणि गाडी थांबेना तसतसा आणखी जोरात दाबत होत्या. पण सांगायची गोष्ट अशी की त्या घाबरल्या नव्हत्या. रस्त्यात खड्डे होते, एक उखडलेले झाकण होते, एका ठिकाणी खडीच पसरली होती. आणि माईंना ह्यातले काहीही जाणवत नव्हते.

"आहाहा!" त्या ओरडत होत्या. "अहो, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय!"

आप्पा मागून धावत होते. "पेला बघ! पेला!"

शाळेच्या भिंतीपाशी चढ लागतो, तिथे गाडीचा वेग ओसरला. गाडी थांबली, पण माईंचे पाय जमिनीला पोचेनात. त्या हळूहळू एका अंगाला कलू लागल्या. सुदैवाने त्याच अंगाला टपालवाला पत्रे चाळत उभा होता. माई त्याच्या खांद्यावर टेकल्या आणि स्थिर झाल्या.

"ताई, उतरता का?" त्याने थोड्या वेळाने विचारले.

"स्टुलाशिवाय नाही उतरता येत. हलू नका हं, पाणी सांडेल."

आप्पा परत घरी जाऊन स्टूल घेऊन येईपर्यंत तो बिचारा तसाच उभा राहिला. पेला भरलेला होता. माईंनी तो आधी त्याला प्यायला दिला.

संध्याकाळी सूनबाई घरी आली ती थेट गॅरेजमध्ये शिरली. सस्पेन्शन बसवलेले बघून तिचा जीव भांड्यात पडला. कौतुकाने तिने सीटवर हात ठेवला. गाडी उसासा टाकून खाली बसली. हात काढला. गाडी सावकाश, जड जेवण झालेल्या माणसासारखी, वर आली. सूनबाईला काय झाले ते कळले. अशा गाडीवरून उडी मारायची म्हणजे जमिनीवर आपटून, पुन्हा उसळून, प्रेक्षकांत जाऊन पडायचे.

"आप्पा..." ती वळली.

दारात आप्पा उभे होते. त्यांच्या मागे माई. दोघांचेही चेहरे उजळले होते. निवृत्त झाल्यापासून आप्पा इतके ताठ उभे राहिलेले तिने पाहिले नव्हते.

"बोलू नकोस काही," आप्पा म्हणाले. "आभार मानायचे नसतात घरच्या माणसांचे. तू मनगटं धरून बसतेस ना, ते बघवत नाही गं मला. आता उद्यापासून ते बंद."

"मी स्वतः बसून बघितलंय," माई म्हणाल्या. "पार शाळेपर्यंत."

"तुम्ही? शाळेपर्यंत?"

"ब्रेक लागेना म्हणून. पण बाई गं, काय सुख! हाडन् हाड जागच्या जागी!"

सूनबाईने तोंड उघडले, आप्पांच्या चेहऱ्याकडे बघितले आणि मिटले. "छान झालंय, आप्पा," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने उशीत तोंड खुपसले.

"तू सांग ना त्यांना," तिने चिरंजीवांना सांगितले.

"मी? तुला काय वाटतं, मला वडील नवीन आहेत? एकदा त्यांनी दुरुस्त केलेला पंखा मी दुसऱ्याकडून तपासून घेतला तर वर्षभर त्यांनी त्या पंख्याखाली बसणं सोडलं होतं."

"उद्या माझी निवड आहे रे!"

"मग गुपचूप परत फिरव. त्यांना कशाला कळतंय?"

तिने तेच केले. पहाटे सगळे झोपेत आहेत असे समजून ती मोजे घालून गॅरेजमध्ये गेली. दाराने आवाज केला नाही, तेवढे एक बिजागऱ्यांच्या तेलाचे उपकार. पुढे बारा, मागे दहा, ओठांतल्या ओठांत मोजत तिने सगळे जागेवर आणले. चकती फिरवायचा पाना आप्पांच्या पिशवीत होता, तो हळूच घेतला आणि होता तसाच ठेवला. सीट दाबली. ठक्. तिला इतके बरे वाटले की तिने गाडीच्या टाकीचा मुकाच घेतला.

शर्यतीच्या मैदानावर सकाळपासूनच घबराट होती. धक्केवाला येणार नाही ही बातमी सगळीकडे पसरली होती. आजवर त्याने येऊन दोन स्क्रू फिरवल्याशिवाय तिथल्या एकीनेही गाडीला किक मारली नव्हती. मुली आपापल्या गाड्यांभोवती हात चोळत फिरत होत्या. आप्पा मात्र मडगार्डवर फडके मारत सूनबाईला उपदेश करत होते. "मऊ वाटलं म्हणून बिचकू नकोस. विश्वास ठेव."

"हो आप्पा," सूनबाई खाली बघत म्हणाली.

शर्यत दोन फेऱ्यांची होती. पहिल्या फेरीत सूनबाई सुटली ती सुटलीच. उडीवरून ती पोळी टाकावी तशी अलगद उतरत होती आणि उतरली की लगेच पुढे. दुसऱ्या नंबरची लाल हेल्मेटवाली पोचली तेव्हा सूनबाई हातमोजे काढून पाणी पीत होती. चिरंजीवांनी चुकून एका डोळ्याने पाहिले आणि त्यांना रडूच आले.

लाल हेल्मेटवाली तडक त्यांच्या तंबूत शिरली. "काय गं, धक्केवाला गुपचूप येऊन गेला ना तुझ्याकडे? खरं सांग. गाडी एवढी शांत कशी चालतेय?"

आप्पा शेजारीच उभे होते. नुसते सूनबाईकडे बघत होते. सूनबाईचे मन एकदम विरघळले. जिंकल्यावर माणसाचे तसे होतेच.

"धक्केवाला कसला? आमच्या आप्पांनी केलंय सगळं," ती म्हणाली.

लाल हेल्मेटवालीने आप्पांकडे आदराने बघितले आणि गेली. सूनबाईनेही मनाशी म्हटले, चला, एका म्हाताऱ्या माणसाला आनंद झाला, आपले काय गेले? दुसऱ्या फेरीला अजून बराच अवकाश होता. ती घरच्या मोटारीत जाऊन आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. ही तिची चूक झाली.

चिरंजीवांनी हलवून उठवले तेव्हा फेरीची वेळ झाली होती. हेल्मेट चढवत, डोळे चोळत ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि तिने शेजारी बघितले. शेजारच्या गाडीच्या हँडलला दोन रबरे अडकवलेली होती. त्या पलीकडच्या गाडीलाही. त्या पलीकडे तर वेणीवाली मुलगी शेवटच्या घटकेला रबरांतून पाण्याचा पेला काढून आप्पांच्या हातात देत होती.

"थेंबसुद्धा नाही सांडला, काका!"

"मग झालं तर! जा आता बिनधास्त!"

आप्पांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. माई स्टूल घेऊन मागे उभ्या होत्या. सूनबाई गर्रकन वळली. तिने चिरंजीवांकडे बघितले.

"रांगच लागली होती गं," चिरंजीव कसेबसे म्हणाले. "तूच सांगितलंस म्हणे सगळं आप्पांनी केलंय. लालवालीनं आधी करून घेतलं. मग तिचं बघून सगळ्याच आल्या. सगळ्याच."

"आणि तू काय करत होतास?"

"पेले भरून देत होतो."

सूनबाई ओरडणार होती, सगळ्यांना थांबवणार होती. खरेच, अगदी तोंड उघडले होते तिने. पण तेवढ्यात गाड्यांना अडवणारी समोरची आडवी दांडी पडली आणि सगळ्या सुटल्या.

पहिल्या वळणापर्यंत सगळे ठीक होते. मग पहिली उडी आली. लाल हेल्मेटवाली झकास उडाली, खाली आली, गाडी पोटापर्यंत खाली बसली, पुन्हा उसळली, पुन्हा बसली, आणि त्यानंतर ती शर्यत सोडून उठाबशाच काढत राहिली. वेणीवाली तर एकदा उडाली आणि त्या एका उडीच्या जोरावर तीनदा उतरली. एकजण उसळत उसळत कडेच्या गवतात गेली, तिथेही उसळत राहिली आणि उसळतच परत मार्गावर आली. कुणी पडले नाही, कुणाला खरचटलेसुद्धा नाही, हेही सांगायला हवे. पण सगळा ताफा असा डुलत, झुलत, माना हलवत चालला होता की बघणाऱ्यांना वाटले ही काही गमतीची फेरी आहे. लोक पोट धरून हसू लागले. निवेदकाने माइक बाजूला ठेवून डोळे पुसले. त्यांच्यामधून सूनबाई एकटी ठकाठक पुढे जात होती आणि हेल्मेटच्या आत म्हणत होती, "अरे देवा, अरे देवा, अरे देवा."

"बघितलंस?" आप्पा माईंना सांगत होते. "एकीच्या तरी मनगटाला धक्का बसतोय का?"

सूनबाई जिंकली. ती तंबूत परतून गाडीवरून उतरते न उतरते तोच संघाच्या मॅनेजरबाई येऊन उभ्या राहिल्या. काळा चष्मा, गळ्यात घड्याळ, चेहऱ्यावर हसू असे नाहीच.

"पहिल्या फेरीतच मी तुझं नाव पक्कं केलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरी फेरी मी धरतच नाही. ती काय होती ते मला कळलेलं नाही. तर, तू आमच्या संघात आलीस. अभिनंदन."

चिरंजीव मटकन खाली बसले. माईंनी सूनबाईला मिठी मारली.

"अजून एक," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुझं सस्पेन्शन ज्यांनी केलं ते तुझे सासरे ना? आम्हाला तेही हवेत. पुढच्या सगळ्या शर्यतींत तुझी गाडी तेच बघतील. दोघं मिळून या, नाहीतर मग मला विचार करावा लागेल."

सूनबाई पेचात पडली. हो म्हणावे तर जन्मभर पहाटे उठून गुपचूप स्क्रू फिरवत बसायचे. नाही म्हणावे तर इतक्या लोकांसमोर आप्पांचे तोंड एवढेसे होणार, आणि वर निवडही जाणार. "बाई, त्याचं असं आहे..." एवढेच ती म्हणू शकली.

"नाही हो बाई," आप्पा पुढे आले. "तिची गाडी मी नाही केली."

मॅनेजरबाई त्यांच्याकडे वळल्या.

"मी केली होती. पण पहाटे उठून तिनं सगळं परत फिरवलं. मी खिडकीतून बघत होतो. म्हाताऱ्या माणसाला झोप कुठे असते? अगदी नीट मोजून फिरवलं हो पोरीनं. तुम्ही जे पाहिलंत ते सगळं तिचं. तिला एकटीलाच घ्या."

"आप्पा!" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. "माहीत होतं तुम्हाला? मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का? माझं मन मोडू नये म्हणून थंडीत मोजे घालून आलीस. मग मी कशाला बोलू? कडकच आवडतं पोरीला, म्हटलं. आवड असते एकेकाची." आप्पांनी तिच्या हेल्मेटवर टपली मारली. "पण इथं तुझी नोकरी ठरतेय. इथं खोटं चालायचं नाही."

मॅनेजरबाईंनी काळा चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे दिसले आणि ते चांगलेच प्रेमळ निघाले. "ठीक आहे. एकटीला घेते," त्या म्हणाल्या. मग एकाएकी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एक मिनिट. मग दुसऱ्या फेरीतल्या त्या बाकीच्या सगळ्या गाड्या?"

"त्या होय?" आप्पांनी छाती पुढे काढली. "त्या मात्र मीच केल्या."

मॅनेजरबाईंनी हळूच मागे वळून बघितले. मैदानाच्या त्या टोकाकडून लाल हेल्मेटवाली येत होती. तिच्या मागे वेणीवाली, आणि तिच्या मागे बाकीच्या सगळ्या. बूट आपटत, हातमोजे उपसून फेकत, सरळ ह्याच तंबूच्या दिशेने.

"तुमची गाडी कुठे लावलीय?" मॅनेजरबाईंनी खालच्या आवाजात विचारले.

"फाटकापाशी," चिरंजीव म्हणाले.

"मग निघा. आत्ताच्या आत्ता. मोटारसायकल मी ट्रकमधून पाठवते."

माईंनी स्टूल उचलले. चिरंजीव कधीच पुढे निघाले होते. सूनबाईने आप्पांचा हात धरला आणि बुटांसकट, चिलखतासकट ती पळत सुटली. आप्पा तिच्या मागून फरफटत चालले होते आणि वळून वळून मागे बघत होते.

"अगं, जरा थांब की!" ते म्हणत होते. "आपण पळतोय कशाला? पोरी बिचाऱ्या आभार मानायला येतायत!"